उरलेली लुगडी

मुंबईला थंडी ती केवढी! नाताळात येते, संक्रांतीचा तिळगूळ खाते आणि आपल्या वाटेनं जाते. पण तेवढ्या तीन आठवड्यांसाठी अंबिका गमरे वर्षभर जीव टाकायची, आणि डिसेंबरातला शेवटचा रविवार तर तिच्या हक्काचा होता. त्या दिवशी वर्षभरात विटलेले, विरलेले, फाटलेले कपडे घेऊन गमऱ्यांच्या सगळ्या माणसांनी भोईवाड्यातल्या खोलीत हजर व्हायचं. कपडे धुतलेले हवेत, बटणं काढलेली हवीत आणि माणूस जेवायला थांबणारा हवा. सबबी चालत नसत. छप्पन्नचा डिसेंबर तेवढा सुना गेला. बाबासाहेब गेले तेव्हा जे अंगावर होतं तेच पुढे महिनाभर अंगावर राहिलं, कुणाला कपड्यांची शुद्ध नव्हती. तो एक अपवाद. एरवी गोधडी चुकली नाही.

आणि त्या गोधडीला एकच कायदा होता, कापड आपलंच हवं. आपलं म्हणजे दुकानातून नवं विकत घेतलेलं आणि आपल्याच माणसाच्या अंगावर जुनं झालेलं. लालबागच्या एका शिंप्यानं कातरणं फुकट देऊ केली होती, ती तिनं हात न लावता परत पाठवली. शेजारच्या कांतानं नवऱ्याची बरीशी लुंगी पुढे केली, तर "तुझ्या घरच्या गोधडीत घाल बाय," म्हणून वाटेला लावली. असा कायदा का, हे कुणी विचारलं नाही आणि तिनं सांगितलं नाही. बाईमाणसाची एक खोड, असं धरून घर गप्प बसलं. घरं अशी पुष्कळ गोष्टींवर गप्प बसतात, म्हणूनच चालतात.

एकोणसाठ सालच्या त्या रविवारी पहिला आला तो सीताराम. अंबिकाचा धाकटा दीर. गोदीत कामाला, राहायला रे रोडला. गेली चार वर्षं संयुक्त महाराष्ट्र समितीचा एकही मोर्चा त्यानं चुकवला नव्हता, त्यामुळे आवाज कायमचा बसलेला.

"जय भीम, वैनी! हा घे आमचा बुशशर्ट. आजपासून रिटायर."

"का हो भावोजी? अजून बरा दिसतोय."

"पेपर वाचलास का? मुंबईसकट महाराष्ट्र देतायत! दिल्लीवाले आले वठणीवर. आता मोर्चे कशाला काढायचे? काखेत बघ, घोषणा देऊन देऊन फाटलाय."

"घोषणा तोंडानं देतात, काखेनं नाही."

"आणि हात वर कोण करणार? तुझा जगदीश? तो तर मोर्च्यातसुद्धा इस्त्री सांभाळून चालायचा."

खिडकीशी दाढी करत बसलेल्या जगदीशनं फेसातून नुसतं हसल्यासारखं केलं. अंबिकाचा हा थोरला. सरकारी कचेरीत कारकून, घरातला पहिला मॅट्रिक. शर्टाची कॉलर पांढरीशुभ्र असल्याशिवाय तो चाळीच्या नळावरही जायचा नाही. लोक त्याला गमतीनं साहेब म्हणत, आणि खरं सांगायचं तर अंबिकाला ते फार आवडे.

मग शिवडीहून लेक आली. शेवंती येणार म्हणजे आधी जिन्यात तिचा आवाज येणार. गोदामात राबणाऱ्या नवऱ्याच्या गुडघ्यांत गेलेल्या दोन विजारी, स्वतःचं एक पातळ आणि सासूच्या दोन तक्रारी असं सगळं तिनं एकदमच आईपुढे ओतलं. सून सरोजिनी चुलीपुढून उठली आणि एक निळा ब्लाउज ढिगावर ठेवून म्हणाली, "हा आता चढत नाही." सातवा महिना लागला होता तिला. शेवंती खदखदून हसली, सरोजिनी लाजली, आणि जगदीशनं उगाचच आरसा पुसायला घेतला.

अंबिका ढिगापुढे मांडी घालून बसली. एकेक कपडा उलटासुलटा करायचा, विरलेलं बाजूला, टिकाऊ मधे, रंगाचं वरच्या अंगाला. हे करता करता तिचं वर्ष डोळ्यांपुढून जायचं. लोक डायरी लिहितात म्हणे. हिची डायरी ही अशी.

शेवटी तिनं आपलं स्वतःचं लुगडं ढिगावर ठेवलं. हिरवं, पदराला कापसाचे तंतू बसून बसून राखाडी झालेलं. ते गिरणीचं लुगडं. वाइंडिंग खात्यात एकवीस वर्षं सुताच्या बॉबिनी भरल्या, आणि जून महिन्यात नवी मशिनं आली म्हणून साहेबानं बायकांना घरी पाठवलं. नवरा बाबुराव त्याच गिरणीत राबला आणि तिथंच खोकून खोकून गेला, तेव्हाही ती चौथ्या दिवशी कामावर उभी होती. आता कामच गेलं. पहिला महिना भोंगा झाला की तिचे पाय आपोआप खाली उतरायचे. मग हळूहळू दुपार आपली झाली. मंगळवारी आणि गुरुवारी चाळीच्या हॉलात बायकांचा साक्षरतेचा वर्ग, बाकीचे दिवस सुई. गिरणीत एकवीस वर्षं अंगठा दिला, गिरणी सुटली आणि सही आली! हे ती येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायची.

एकच गोष्ट तिच्या मनात सलत होती. दिवाळीत सरोजिनी सहज बोलून गेली होती, "बाळाला दुकानातलं ब्लँकेट घेऊया हं. गोधडी काय, धुता धुता चिंध्या होते." पोरीच्या मनात काही नव्हतं, पण तो 'चिंध्या' शब्द काही केल्या मनातून जाईना. नातवंडासाठी आधी शिवायला घेतलेलं दुपटं तिनं तसंच अर्धवट घडी करून ठेवून दिलं.

"आये, हेपण घेऊ का ढिगात?" शेवंतीनं खाटेखालून एक गाठोडं ओढलं. अंबिका काही म्हणायच्या आत गाठ सुटली. आतून डांबराच्या गोळ्यांचा वास आला आणि सात-आठ लुगडी जमिनीवर सांडली. मऊसूत, महाग, वापरून वापरून सायीसारखी झालेली. "अगं बाई! ही कुणाची?"

"थांब गं, पसरू नकोस! ती बाईंची. आपल्या वर्गाच्या सुमतीबाई." अंबिकाचा चेहरा एकदम उजळला. तिनं पोलक्यात हात घालून घडी घातलेला एक कागद काढला. "काल कांताबरोबर गाठोडं धाडलं आणि वर हे पत्र. माझ्या नावाचं. पाकिटावर बघ, माझं नाव! टपालातनं नाही आलं, पण पत्र ते पत्रच ना?"

"वैनीला पत्र आलं!" सीतारामनं बसक्या आवाजात दवंडी दिली.

झालं होतं असं की, दहा-बारा दिवसांमागं सुमतीबाईंनी वर्ग सुटताना विचारलं होतं, अंबिकाबाई, मला एक गोधडी शिवून द्याल का? आणि ही 'हो' म्हणून बसली होती. कापड बाई दुकानातून आणतील असं तिनं मनाशी धरलं. गाठोडं आलं ते तिनं उघडूनही पाहिलं नाही, कारण तिचं सगळं चित्त त्या कागदात. जन्मात पहिल्यांदा तिच्या नावानं कुणी चार ओळी लिहिल्या होत्या. 'सप्रेम नमस्कार'पर्यंत तिनं रात्रीच अक्षरं लावली आणि मग मुद्दाम घडी घातली. उरलेलं रविवारी सगळ्यांसमोर वाचायचं. एखादी वडी ठेवून द्यावी तसं ठेवून दिलं होतं तिनं ते.

"वाच की मग वैनी."

"वाचते. कुणी मधे सांगायचं नाही. जगदीश, तू तर तोंडच बंद ठेव."

जगदीशनं दाढीचा वस्तरा खाली ठेवला आणि तोंडावर बोट ठेवलं. सरोजिनी चुलीपासून जवळ येऊन बसली. अंबिकानं कागद गुडघ्यावर सरळ केला आणि बोट टेकवलं.

"श्री-म-ती अं-बि-का-बाई... यांस. सप्रेम न-म-स्कार." एवढं झाल्यावर तिनं सगळ्यांकडे एकदा पाहिलं. "मा-झी आई... का-र्ति-कात... गेली." ती थांबली. "अरेरे. बाई बोलल्या नाहीत बघ. मधे दोन आठवडे वर्ग नव्हता तो याच्यामुळंच की."

"पुढे," शेवंती म्हणाली.

"ति-ची लुगडी क-पा-टात... ब-घ-वत नाहीत. त्यांतल्या चा-रांची... एक गो-ध-डी करून द्या." जोडाक्षर आलं की ती अडायची, पाऊल वर उचलल्यासारखी मान उचलायची आणि मग ओलांडायची. तिचं सगळं लक्ष अक्षरांत होतं. म्हणून जगदीशचा चेहरा बदललेला तिला दिसला नाही. "उ-र-ले-ली... तु-म्ही घ-रा-त... वा-परा. अं-गा-ला... ये-ती-ल."

वाचून झालं. खाली 'सुमती' होतं तेही वाचलं. कागदावरून बोट उचललं आणि टाळी पडेल म्हणून तिनं वर पाहिलं.

भातावरचं झाकण तेवढं खडखडत होतं. आणि मग आपणच आपल्या तोंडानं काय वाचलं ते अंबिकाला कळलं. मेलेल्या बाईची लुगडी. उरलेली तुम्ही वापरा. तिची कानशिलं तापली.

"छान," जगदीश म्हणाला. "एकोणसाठ साल संपलं, आपण दीक्षा घेऊन तीन वर्षं झाली, आणि घरात मढ्यावरची लुगडी आली. तीसुद्धा पत्रासकट."

"अरे, मढ्यावरची कुठं? कपाटातली आहेत," शेवंती म्हणाली. "आणि त्या बाईला काय ठाऊक आपल्यातलं? चांगल्या मनानं दिलीत तिनं."

"चांगल्या मनानंच देतात सगळे. खोतसुद्धा चांगल्या मनानंच द्यायचा. काय काका?"

सीतारामनं वर्तमानपत्राची घडी घातली. एरवी वहिनीच्या बाजूनं भांडणारा माणूस, पण आज त्याची मान जगदीशकडे वळली. "पोरगा बरोबर बोलतोय वैनी. गावात मी स्वतः आणलीत असली कापडं मसणवटीतून. आपला हक्क म्हणून. हक्क म्हणे! हे गाठोडं आत्ताच्या आत्ता कांताकडे देऊन टाक. जशास तसं."

"देते की. मी कुठं ठेवून घेते म्हटलं?"

"आणि आणखी एक," जगदीश म्हणाला. आवाज चढला नव्हता, तो चढला असता तर बरं झालं असतं. "आई, ही गोधड्यांची भानगड आता पुरे. लोकांना वाटतं, या बाईला चिंध्या दिल्या की ही घेते. आज बाईंनी दिल्या, उद्या आणखी कुणी देईल. मी मिळवतो. घरात चार ब्लँकेटं घेऊ. सुईदोरा उचल आणि ठेवून दे."

गिरणी काढून घेतली तेव्हा तिनं साहेबाला चकार शब्द विचारला नव्हता. पण हा तिचा पोटचा गोळा होता.

"वा रे वा! गिरणी साहेबानं काढून घेतली, आता सुई तू काढून घे. मग मी दिवसभर काय करू? तुझ्या कॉलरी मोजत बसू?"

"आराम कर. वाच. शिकतेयस ना?"

"शिकले म्हणूनच तर आज तोंडावर पडले!"

"ओ, जरा ऐकून घ्या," सरोजिनी मधे पडली. सगळ्यांनी वळून पाहिलं, कारण ती सासूच्या बाजूनं बोलेल असं सासूलाही वाटलं नव्हतं. "गाठोडं परत करायचं हे बरोबर. पण सुई का ठेवायची त्यांनी? मग माझ्या बाळाला कोण शिवून देणार, दुकानदार?"

"तूच ब्लँकेट म्हणाली होतीस!"

"तेव्हा तसं म्हणाले होते. आता असं म्हणतेय. माझं मी बदलू शकते की नाही?"

"बदल बाय, बदल," शेवंतीनं तिच्या पाठीवर थाप मारली. सीतारामलाही हसू आवरेना. जगदीश मात्र हसला नाही. गालावर अर्धा फेस वाळलेला, तसाच तो आईपुढे येऊन उकिडवा बसला.

"आये," तो म्हणाला. मॅट्रिक झाल्यापासून तो तिला आई म्हणायचा. आज जुना शब्द आला. "निळ्या काठाची गोधडी आठवते तुला? गावची?"

अंबिकाचा ढिगावरचा हात थांबला.

"तुला वाटतं मला माहीत नाही. खोताची आई मेली, तिच्यावरचं लुगडं बाबांनी आणलं, आणि तू त्याची मला गोधडी शिवलीस. मी सहा वर्षांचा होतो. शाळेत पोरं म्हणायची, जग्याच्या अंगावर रोज खोतीण निजते. मी पाय झाडून ती खाली टाकायचो. तू उठायचीस, 'थंडीत लाथाडतोय मेला' म्हणायचीस, आणि परत घालायचीस. मी परत टाकायचो. तू परत घालायचीस."

शेवंतीचा हात तोंडावर गेला. ती तेव्हा अंगावर पिणारी होती, तिला यातलं काहीच ठाऊक नव्हतं. सीताराम भिंतीवरच्या बुद्धाच्या तसबिरीकडे बघत राहिला.

"मग बोलला का नाहीस रे?" अंबिकानं विचारलं.

"काय बोलणार? तू किती बारीक टाके घातले होतेस. मला दिसत होतं ना ते."

बावीस वर्षं ही गोष्ट तिनं एकटीनं पोटात ठेवली होती, आणि तेवढीच वर्षं ती त्यानंही ठेवली होती. एका खोलीत, हातभर अंतरावर निजणारी दोन माणसं. तिला त्याचा राग आला, स्वतःचा आला, बाबुरावाचा आला, आणि मग कशाचाच राहिला नाही.

"ऐक," ती म्हणाली. "तापानं फणफणला होतास तू. घरात दोन लुगडी, एक मी नेसलेलं आणि एक वाळत घातलेलं. पांघरायला गोणपाट. मग ते लुगडं तीनदा उकळलं आणि शिवलं. शिवताना रडले मी, पण शिवलं. तू मेला असतास तर कुठल्या मानाला घेऊन बसणार होते? पुढं मुंबईला आलो, गिरणीचा पहिला पगार झाला, त्याच दिवशी नवं कापड घेतलं आणि ती गोधडी शिवडीच्या खाडीत नेऊन टाकली. एकटी गेले होते. आणि तिथंच चिखलात उभी राहून म्हटलं, आजपासनं माझ्या पोराच्या अंगावर दुसऱ्याचा धागा येणार नाही. आपलं नवं घेऊ, आपण जुनं करू. तुम्ही सगळे हसता ना माझ्या कायद्याला? तो कायदा तुझ्यासाठी केला रे जग्या."

जगदीशनं तोंड फिरवलं आणि टॉवेलनं गालावरचा फेस पुसायला लागला. फेस कधीच वाळून गेला होता.

"गाठोडं जाईल," अंबिका म्हणाली. "पण सुई राहील. मला काही येतं असं जगात ते एकच आहे. ते चिंध्यांचं काम नाही. तू सांगून मी ते सोडणार नाही."

जगदीशनं मान हलवली. हो की नाही, काही कळलं नाही.

तेवढ्यात दाराशी चपला वाजल्या. "येऊ का अंबिकाबाई?" आणि कुणी 'या' म्हणायच्या आत सुमतीबाई उंबऱ्यात उभ्या. गिरगावातल्या जुन्या प्रभू घराण्यातली ही चाळिशीची बाई. लग्न केलं नाही, शाळेत शिकवायच्या, आणि आठवड्यातून दोन दुपारी बसनं भोईवाड्यात यायच्या. चाळीतल्या बायकांचे हात धरून 'अ' गिरवायला लावताना त्यांनी कधी नाक मुरडलं नव्हतं. जमिनीवर पसरलेली आईची लुगडी त्यांनी पाहिली. मग सगळ्यांचे चेहरे पाहिले. "मी... गोधडीचं विचारायला आले होते. नंतर येऊ का?"

शेवंतीनं आईकडे पाहिलं, सीतारामनं जगदीशकडे. सरोजिनीनं तांब्याभांडं पुढे केलं. बाई पाणी प्यायल्या.

"बसा बाई," अंबिका म्हणाली. "पत्र मी स्वतः वाचलं. सगळं. एकाही अक्षराला कुणाला विचारलं नाही."

"खरंच?" बाईंचा चेहरा खुलला.

"खरंच. म्हणूनच बोलायचंय. बाई, आम्ही दुसऱ्याचं नेसत नाही. मेलेल्या माणसाचं तर नाहीच. गावी आमच्या माणसांना तेच नेसायला लावायचे. मढ्यावरून काढून द्यायचे, आणि आम्ही ते अंगाला लावायचो. आता नाही लावत. तुम्ही लिहिलंत, उरलेली तुम्ही वापरा."

सुमतीबाईंच्या हातातलं भांडं तसंच राहिलं. त्यांचा गोरा चेहरा आधी पांढरा पडला, मग लाल झाला. "मला हे... मी वाचलेलं आहे हे सगळं. पुस्तकात वाचलंय. आणि लिहिताना माझ्या ध्यानातसुद्धा आलं नाही. मला वाटलं, आईचं कुणाच्या तरी उपयोगी पडावं."

"तुमचं मन ठाऊक आहे मला. वाईट असतं तर गाठोडं कांताच्या हाती परत गेलं असतं. तुम्हाला समोर बसवलं नसतं."

"माझी चूक झाली. क्षमा करा मला." हे त्या अंबिकाला म्हणाल्या, आणि मग वळून जगदीशलाही म्हणाल्या. जगदीशनं नुसतं "ठीक आहे," म्हटलं. बाई वाकल्या आणि लुगडी गोळा करू लागल्या. घडी घालता घालता हात थांबले. "याचं आता काय करू, तेच समजत नाही. भावजय म्हणते, बोहारणीला घाला, दोन पातेली तरी येतील."

"आईची लुगडी बोहारणीला?" सीतारामच्या तोंडून निघून गेलं. "काय माणसं आहेत!"

आपण कुणाच्या बाजूनं बोललो हे लक्षात येऊन तो ओशाळला आणि सरोजिनीला म्हणाला, "पोरी, बाईंना चहा टाक."

अंबिका त्या लुगड्यांकडे बघत होती. एक जांभळं, एक डाळिंबी, एक पांढरं बुट्टीचं. नेसणारीनं हौसेनं नेसलेली. तिची बोटं शिवशिवत होती आणि ती तिनं मांडीखाली दाबून ठेवली होती. कापड आपलंच हवं. मग ज्याचं कापड त्यानंच शिवावं की! हे इतकं साधं आहे, आणि आपल्याला एवढा वेळ लागला, याचं तिला हसूच आलं.

"बाई, मी नाही शिवणार. तुम्ही शिवा."

"मला सुईत दोरासुद्धा धड ओवता येत नाही हो."

"मला 'क' काढता येत नव्हता. मी शिकवीन. मंगळवार, गुरुवार तुमचा वर्ग सुटला की माझा वर्ग. आणि फी घेईन, सांगून ठेवते. जुनं काही घेणार नाही."

सुमतीबाई एकदम हसल्या. हसता हसता डोळे भरून आले त्यांचे. "कबूल. कधीपासून?"

"आत्तापासून. पहिला धडा फाडायचा. आधी पट्ट्या पाडायच्या, मग शिवण. ते डाळिंबी घ्या. काठाशी दातानं एक चीर द्या आणि ओढा."

बाईंनी लुगडं मांडीवर घेतलं. काठ तोंडाजवळ नेला. डांबराच्या गोळ्यांच्या वासाखाली दुसरा कुठला तरी वास त्यांना लागला असावा, कारण त्यांनी ते तसंच नाकाशी धरून ठेवलं. पुन्हा प्रयत्न केला. चीर पडली. दोन्ही हातांत दोन बाजू धरल्या, पण हात काही ओढेनात. "हे ती संक्रांतीला नेसायची," एवढंच म्हणाल्या, आणि मान खाली गेली.

खोलीत सगळे अवघडले. शेवंती पुढे सरकली आणि आईकडे बघून थांबली. अंबिकानंही मांडीखालचा हात बाहेर काढला नाही. ज्या हातांनी एकदा ती गोधडी खाडीत टाकून शपथ घेतली होती, ते हात ती कसे पुढे करणार? तिला त्या पोरक्या बाईची इतकी दया आली, की आपलाच कायदा तिला जड झाला. पण मोडवेना.

जगदीश उठला. इस्त्रीच्या विजारीची पर्वा न करता तो सुमतीबाईंच्या समोर जमिनीवर मांडी घालून बसला. लुगड्याची एक बाजू त्यानं दोन्ही हातांनी उचलली. क्षणभर नुसती धरली. मग मुठीत घट्ट केली.

"तुमची बाजू सोडू नका बाई," तो म्हणाला. "आणि हळू ओढू नका. हळू ओढलं की वाकडं जातं. लहानपणापासून मी आयेचं दुसरं टोक धरत आलोय."

बाईंनी मान वर केली आणि पकड घट्ट केली.

"ओढा."

डाळिंबी लुगडं एका दमात, धाग्याला धागा धरून, सरळ फाटत गेलं. सुमतीबाई मोठ्यानं रडायला लागल्या. जगदीश आपलं टोक धरून तसाच बसून राहिला, त्यांचं रडणं संपेपर्यंत. आणि अंबिका आपल्या पोराच्या हातांकडे बघत होती. बघता बघता तिलाही रडू फुटलं, आणि ते तिनं कुणापासून लपवलं नाही.